सतरावर धुतलेला खडू

धाकट्याचा फोटो पेपरात आला आणि आईने तो कापून फ्रिजवर लावला. झालं! पाणी प्यायला जावं तर हा समोर हेल्मेट घालून हसतोय, मागे तो गोल खड्डा. थोरल्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हाच खड्डा, हीच साइट. याला तिथे लावून दिलं कुणी? थोरल्याने, दहा जणांकडे शब्द टाकून. आता तो साहेब, आणि सत्तावीस वर्षं पाण्याची मापं घेणारा थोरला नुसता मापवाला.

खड्डा म्हणजे केवढा! भोवती काँक्रीटची गोल भिंत, पंचवीस मीटर खोल. तळाला चिकणमातीचा जाड थर, आणि थराखालच्या वाळूत दबलेलं पाणी. त्या पाण्याचा जोर वाढला की ते तळाला वर ढकलतं, उकळत्या भांड्यावरच्या झाकणासारखं. म्हणून खड्ड्याबाहेरच्या विहिरींवर पंप लावून ते सतत उपसत. पाणी जमिनीपासून किती मीटर खाली आहे ते थोरला पाहायचा; आकडा लहान झाला की पाणी वर आलं. टेपला खडू चोळायचा, बारीक पाइपात सोडायचा, वर ओढायचा. खडू जिथवर धुतला गेला तिथवर पाणी. ते एकोणीस मीटरच्या वर चढलं की सगळ्यांनी खड्ड्याबाहेर पडायचं.

त्या सकाळी खडू सतरापर्यंत धुतला गेला होता. म्हणजे पाणी हद्दीच्या दोन मीटर वर. बाहेरचा एखादा पंप बंद पडला असणार. थोरला ओरडणारच होता, एवढ्यात केबिनच्या दारातून धाकट्याने विचारलं, "दादा, किती?"

धाकट्याच्या खांद्यावर मोठ्या साहेबांचा हात होता. सत्तावीस वर्षांत तो हात थोरल्याच्या खांद्यावर कधी पडला नव्हता.

"एकवीस," थोरला म्हणाला.

धाकट्याने एकवीस लिहून टाकलं. दादाचं माप तो कधी तपासायचाच नाही.

थोरल्याने टेप कठड्यावर टाकला. मनात म्हणाला, होऊ दे जरा फजिती! तळ फुगेल, चिखल होईल, साहेबांसमोर नाक कापलं जाईल. माणसं काय, साडेअकराला जेवायला वरच येतात. कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही.

पावणेबारा वाजले तरी कुणी वर आलं नाही.

"अहो, जेवायची सुट्टी नाही का झाली?" त्याने पंपवाल्याला विचारलं.

"आज उशिरा. तुमच्या भावानेच सांगितलं. दादाचा आकडा छान आहे म्हणाला, तळाचं काम उरकूनच टाकू. तोही खालीच आहे की."

तोही खाली! हा त्याचा धाकटा, ज्याला त्याने कडेवर घेऊन फिरवलं होतं! थोरला धावत गेला, भोंगा वाजवला, कठड्यावर ओणवा होऊन घसा फाटेस्तोवर ओरडला, "वर या! सगळे वर या!" खाली तळ मधोमध पोळीसारखा फुगला होता. भेगांतून राखाडी पाणी वाळू घेऊन उसळत होतं. माणसं वर आणणारा क्रेनचा पाळणा तीनदा खाली गेला, तीनदा वर आला. शेवटच्या खेपेला गुडघाभर चिखलात माखलेला धाकटा आला.

पंपवाला खड्ड्यातलं पाणी उपसायला धावला.

"हात लावू नकोस!" थोरला कडाडला. "उलट उपसलेल्या पाण्याच्या टाक्या सोड आत! सगळ्या!"

"अहो, डोकं फिरलंय का तुमचं? बुडेल सगळं!"

"बुडू दे! वरून पाण्याचं वजन पडलं तरच तळ दबेल!"

टाक्या सुटल्या. तासाभरात खड्ड्याचं तळं झालं. महिन्याची मेहनत पाण्यात गेली, पण तळ थांबला, आणि तेरा माणसं वर उभी होती.

धाकट्याने सगळ्यांसमोर थोरल्याला मिठी मारली. "दादा होता म्हणून वाचलो!" साहेबांनी थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात त्याला मणभर जड वाटला. पेपरवाला आला. "दोघे भाऊ जवळ या. ते मापाचं काय असतं, तेही घ्या हातात."

धाकट्याने कौतुकाने कठड्यावरचा टेप उचलला. खडू सतरापर्यंत धुतलेला. आत्ता घाईत मोजलं असेल म्हणावं, तर टेप ओला हवा होता. हा कोरडा ठणठणीत. टेपच्या कडेला वाळलेल्या चिखलाची पावडर त्याच्या बोटांना लागली. टेप सकाळपासून उन्हात पडला होता. त्याने बोटांकडे पाहिलं, मग टेपकडे. कॅमेरा तेव्हाच वाजला.

दुसऱ्या दिवशी आईने जुना फोटो काढून तिथे नवा लावला. थोरला पाणी प्यायला आला तेव्हा ती डोळे पुसत हसत होती.

"किती छान आलायस रे तू! आणि हा वेडा बघ, कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून त्या टेपकडे काय बघत बसलाय? फोन करून विचारते म्हटलं, तर काल संध्याकाळपासून उचलतच नाहीये. तुला काही बोललाय का?"

"नाही," थोरला म्हणाला, आणि पाणी न पिताच परत फिरला.