ठिगळावरचे तीन ठिपके

मी एक जुने काशाचे पातेले आहे. जन्माने मी अदोमी, पण आज यहूदाच्या डोंगरातल्या एका चुलीवर नांदते. हे दोन्ही एका दमात सांगितले की इथल्या म्हाताऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. पडोत बापडे. मित्रांनो, माझ्यावर मात्र दोन्ही घरांचे ऋण आहे, आणि ते कसे झाले तेच मी तुम्हाला सांगणार आहे.

पूनोनच्या खोऱ्यात माझा जन्म झाला. तिथे झाड औषधालाही उरले नव्हते, सगळी झाडे भट्ट्यांनी गिळली होती. खाणीतले तांबे आणि दूरच्या व्यापाऱ्यांनी आणलेले कथील एकत्र वितळवून दीशोन नावाच्या तांबटाने मला घडवले. तो खोकत खोकत ठोकायचा आणि दर दहा घावांनंतर मला एक शिवी द्यायचा. अशा माणसाच्या हातची भांडी फार टिकतात.

बस्रा शहराखाली, वाटेच्या वरच्या अंगाला, कोसनातानचे घर होते. त्याच्या बायकोबरोबर मी माहेरची भेट म्हणून त्या घरात आले. ती गेली तेव्हा वाढायचा डाव सूनबाईच्या हाती आला. सुनेचे नाव मात्रेद. लोकर कातरणीच्या दिवसांत ती माझ्यात तांबड्या मसुराची डाळ शिजवी, वरून कांदा, जिरे आणि ऑलिव्हचे तेल. वास वाटेपर्यंत जाई. उंट हाकणारे मुद्दाम आमच्या दाराशी रेंगाळत. तेव्हा मी फार मिजाशीत होते, हे कबूल करते.

डाळीवरून आमच्या लोकांना शेजारी नेहमी हिणवत. तुमच्या मूळपुरुषाने, एसावाने, वाटीभर डाळीसाठी थोरलेपण विकले, असे त्याच्या धाकट्या भावाचे, याकोबाचे, वंशज म्हणजे यहूदाचे लोक सांगतात. आमच्या घरात ती गोष्ट वेगळी सांगत. एसाव रानातून भुकेने व्याकूळ होऊन आला आणि सख्ख्या भावाने वाटी पुढे करण्याआधी किंमत विचारली. मग लाज कोणाची? म्हणून आमच्याकडे एक रीत पडली. भुकेल्याला आधी वाढायचे, नाव-गाव मग विचारायचे. आणि एका पातेल्यातले तीन घास ज्यांच्या पोटात गेले, ते तीन दिवस एकमेकांचे भाऊ. त्या तीन दिवसांत एकाने दुसऱ्याला धरून दिले, तर त्याने एसावाला पुन्हा एकदा विकले असे मानत.

रीत चांगली होती, पण राग जुना होता. यहूदाच्या एका राजाने आमची हजारो माणसे सेलाच्या कड्यावरून खाली लोटली होती. दोनशे वर्षे झाली असतील. तरी दर अमावास्येला कोसनातान त्यातल्या आपल्या अकरा पूर्वजांची नावे घेई, मग थुंके आणि मगच जेवायला बसे.

पुढे बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळले. तिथून पळालेली माणसे आमच्या डोंगरांकडे येऊ लागली, आणि आमची माणसे तिठ्यावर उभी राहून त्यांना धरून बाबेलच्या हवाली करू लागली. मित्रांनो, हे मी झाकणार नाही. त्यांच्या संदेष्ट्यांनी आम्हाला शाप दिले, त्यातले काही आम्ही कष्टाने कमावलेले होते. मात्रेदचा नवरा सम्ला रोज त्या तिठ्यावर पहाऱ्याला जाई.

त्याच वर्षी माझ्या बुडाला चीर गेली. मात्रेद कणकेने ती बुजवी आणि सासऱ्याला आठवण करी. तो म्हणे, "उद्या नेतो बस्र्याला." त्याचा तो उद्या वर्षभर उगवला नाही. डाळ विस्तवावर ठिबके, चुर्र चुर्र आवाज होई, आणि मला शरमेने जीव नकोसा होई.

एके दुपारी दारात एक म्हातारा आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी येऊन उभी राहिली. दोघांचे ओठ फुटले होते.

"ताई, घोटभर पाणी मिळेल का?" म्हाताऱ्याने विचारले.

"पाणी मिळेल, पण आधी बसा," मात्रेद म्हणाली. तिने काही विचारले नाही, दोन वाट्या भरून पुढे ठेवल्या. मुलीने वाटी चाटूनपुसून लख्ख केली, डोळे मिटले आणि सवयीने पुटपुटली, "याकोबाच्या देवा, या घराचं भलं कर."

मात्रेदचा हात जिथल्या तिथे थांबला. कोपऱ्यात पडलेला कोसनातान उठून बसला.

"काय म्हणाली ती?"

"घराचं भलं कर म्हणाली, मामंजी."

"त्याच्या आधी काय म्हणाली?"

म्हाताऱ्याने मुलीला मागे ओढले. "मी शेलम्या, तांबट आहे. ही माझी नात, तिर्सा. आम्ही निघतो, तुम्हाला त्रास नको."

"निघून जाणार कुठे? खाली माझाच मुलगा उभा आहे," कोसनातान म्हणाला. मग तो भिंतीकडे पाहू लागला. ती अकरा नावे त्याच्या ओठांवर आली असावीत, कारण ओठ हलत होते. शेवटी त्याने सुनेला विचारले, "तीन घास झाले का यांचे?"

"वाट्या चाटून झाल्या, मामंजी."

"मग बसा म्हणावं. माझ्या डोळ्यांसमोर नको, तिकडे चुलीजवळ बसा."

चुलीजवळ बसल्यावर शेलम्याला चुर्र चुर्र ऐकू आले. त्याने वाकून माझे बूड पाहिले. "ताई, हे गळतंय."

"वर्ष झालं. मामंजी उद्या नेणार आहेत."

"उद्याच नेणार होतो," कोपऱ्यातून आवाज आला.

शेलम्याने गाठोडे सोडले. सगळे घरदार मागे राहिले होते, पण हातोडी आणि पत्र्याचे चार तुकडे त्याने सोडले नव्हते. तिर्सा कुजबुजली, "आजोबा, आवाज होईल. ते येतील ना."

"गळकं भांडं पाहून पुढे गेलो तर तुझी आजी वर बसून मला काय म्हणेल?"

त्याने डाळ मातीच्या कुंड्यात ओतून घेतली, मला मांडीवर पालथे घेतले, आणि दीशोनच्या नंतर पहिल्यांदाच कोणी माझ्या अंगावर मन लावून हात ठेवला. चिरेवर ठिगळ बसवून त्याने खिळे ठोकले, कडा सपाट केल्या आणि शेवटी, बहुधा सवयीने, ठिगळावर तीन ठिपके उमटवले. मात्रेदने माझ्यात पाणी ओतून उचलून धरले. एक थेंब गळला नाही. तिने डाळ परत माझ्यात घातली आणि जास्तीची मूठही टाकली.

पण हातोडीचा आवाज तिठ्यावर पोचला होता. उन्हे उतरता उतरता पहारेकऱ्यांचा म्होरक्या झेफो दारात आला. बरोबर सम्ला आणि आणखी दोघे.

"कोसनातानकाका, तुमच्या घरात तांबट कधीपासून?"

"पातेलं गळायला लागल्यापासून."

"तो यहूदी आहे. त्याला आणि पोरीला बाहेर काढा."

"जेवलेत ते माझ्या घरी."

"वाढायच्या आधी विचारायचं होतं."

"आधी विचारायची रीत आपली नाही," म्हातारा म्हणाला. "ती त्यांच्या मूळपुरुषाची."

झेफो हसला नाही. "तुम्ही जेवू घातलंत, ते तुमचे भाऊ. मी कुठे जेवलोय त्यांच्याबरोबर? मी त्यांना नेऊ शकतो."

खरेच होते ते. रीत त्याला अडवत नव्हती. शेलम्याने नातीला पाठीशी घातले. मी चुलीवर रटरटत होते, आणि झेफोचे पोट गुरगुरले ते सगळ्यांना ऐकू आले. सकाळपासून तो उन्हात उभा होता.

मात्रेदने वाटी भरली आणि त्याच्यापुढे धरली.

"मला भूक नाही," तो म्हणाला.

"माझ्या चुलीला नाही म्हणतोस?" कोसनातानने विचारले. "तुझ्या बापाने कधी म्हटलं नव्हतं."

आमच्यात पुढे आलेली वाटी नाकारणे म्हणजे त्या घराशी सात पिढ्यांचे वैर. झेफोने सम्लाकडे पाहिले. सम्लाने मान खाली घातली आणि बायकोपुढे आपलीही वाटी धरली. त्यामागून बाकीच्या दोन पहारेकऱ्यांनीही धरल्या. चार वाट्या भरायच्या होत्या, मित्रांनो. कालचे गळके मी असते, तर माझ्या तळाशी करपलेली डाळ आणि चुलीत चिखल, एवढेच उरले असते, आणि सगळे तिथेच संपले असते. मात्रेदचा डाव माझ्या बुडाशी ठिगळावर खरडला तेव्हा मला धडकी भरली. पण चौथी वाटी भरली.

झेफोने दोन घास खाल्ले. तिसरा हातात धरून तो थांबला आणि मग चिडूनच तोंडात घातला.

"म्हाताऱ्या, जेवू घालून बांधलंस मला."

"मी कुठे? सुनेने वाढलं."

"मीठ कमी आहे," झेफो म्हणाला आणि वाटी संपवून निघून गेला.

पहारेकरी गेल्यावर सम्ला माझ्याजवळ येऊन बसला. "सकाळी चौघांना धरून बाबेलकडे पाठवलं मी," तो बायकोला म्हणाला. "त्यांना कोणी वाढलं नव्हतं." दुसऱ्या दिवशी तो तिठ्यावर गेला नाही. तीन दिवस सरायच्या आत त्यानेच शेळ्यांच्या वाटेने दोघांना खाली खोऱ्यात नेऊन सोडले. निघताना शेलम्या मात्रेदला म्हणाला, "कधी पश्चिमेला आलीस तर मावोन गावात ये, पोरी. आमच्यातलं कोणी ना कोणी असेल." पुढच्या अमावास्येला कोसनातानने अकरा नावे घेतली, पण थुंकला नाही.

तीस-बत्तीस वर्षांनी बाबेलचे सैन्य आमच्याही दारात आले. ज्यांच्या हवाली आम्ही लोकांना केले, त्यांनीच आम्हाला जाळले. कोसनातान केव्हाच गेला होता, त्या वर्षी सम्लाही गेला. मात्रेदने मला गाढवावर बांधले आणि यहूदाच्या अख्ख्या मुलखात तिला ठाऊक असलेल्या एकाच गावाची वाट धरली.

मावोनमध्ये तिची बोली ऐकून दारे बंद झाली. त्यांचे काय चुकले? आम्ही त्यांच्याशी कसे वागलो होतो ते ती माणसे विसरली नव्हती. शेवटच्या घरात एक बाई चुलीशी बसली होती. मात्रेदने नाव सांगायला तोंड उघडले.

त्या बाईने वाटी भरून तिच्या हातात दिली.

"आधी जेवा, आजी," ती म्हणाली. "नाव मग विचारते. लहानपणी एका घरात शिकले मी हे."

मात्रेदचे अश्रू वाटीत पडले. त्या बाईने गाढवावरचे ओझे उतरवायला घेतले, आणि मी तिच्या हातात पालथे आले. तिचे बोट माझ्या बुडावरून फिरले आणि तीन ठिपक्यांवर थांबले. मित्रांनो, मला तोंड नाही याचे दुःख मला तेवढ्या एकाच वेळी झाले.

मात्रेद त्या घरात आठ वर्षे राहिली. आता ती टेकडीवर विसावली आहे आणि डाव तिर्साच्या हाती आहे. ती मला राखेने घासते, पण ठिपके झिजू नयेत म्हणून तिथे हात हलका करते. तुम्हीही तुमच्या घरचे गळके भांडे उद्यावर टाकू नका. कोणाला कधी त्याची गरज पडेल हे सांगता येत नाही.

आज सकाळी अदोमातून आणखी एक कुटुंब गावाच्या वेशीशी आले आहे. गावकरी त्यांना अडवून कूळ विचारत आहेत. तिर्साने ते ऐकले आणि मला चुलीवर चढवले. डाळ शिजत आली आहे, आणि मी अजून गळत नाही.