म्होरक्याचा दगड

नव्या रस्त्याची आखणी थेट देवाच्या ओट्यावरून गेली, तेव्हापासून देवला नाईकाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख फिरणाऱ्या त्याच्या पूर्वजांचा म्होरक्या बैल इथं, शिरड शहापूरच्या शिवारात, बसला तो उठलाच नाही. त्याला पुरलं तिथं दगड उभा केला, दगडावर बैल कोरला, तोच तांड्याचा देव झाला, आणि तांडा इथंच राहिला.

अशात बातमी आली. आशियाभरातल्या जुन्या देवस्थानांचा नकाशा संगणकावर बनतोय आणि पाहणीची माणसं औंढ्यात उतरलीत. नकाशात नोंद झाली तर रस्ता वळवता येईल, असं कचेरीतला कारकून म्हणाला.

झालं! पाहुणे येणार आणि देव असा झिजलेला, शेवाळलेला? लोक घर सारवतात, देवलानं देव सजवायला काढला. त्याची बायको जिवनबाई म्हणाली, "अवो, देव हाय तसा ऱ्हाऊ द्या. काहून हात लावून राहिले?" पण बायकोचं ऐकेल तो नाईक कसला! हिंगोलीहून गुलाबी टाइल्स आल्या. तांड्यानं नारळ फोडले.

पाहणीवाल्यांतली ऐश्वर्या नावाची मुलगी टॅबलेट घेऊन आली. ओट्याभोवती फिरली.

"आजोबा, जुनं ठिकाण कुठंय?"

"हेच की, बाई!"

"हे तर नवं बांधकाम आहे."

"दगड आत हाय. पणज्याच्याबी आधीचा."

"मग दाखवा. कोरीव काम दिसलं तर आत्ता नोंद करते."

देवलाचा पोरगा रणजीत पहार आणायला पळाला. तांडा खुशीत होता. देवला एकटाच ओरडला, "थांब रे!" पण टाइल निघाली होती.

आत सपाट दगड. त्यावर छन्नीचे ताजे ओरखडे.

"हे कुणी तासलं?"

उंचवट्यावर टाइल बसत नाही, असं गवंडी म्हणाला होता. देवाला परक्याचा हात लागू नये, हा तांड्याचा नेम. म्हणून देवलानं पहाटे आंघोळ करून, उपाशीपोटी, आधी शिंगं तासली, मग वशिंड, मग गळ्यातली घंटा. केवढी भक्ती आणि केवढा गाढवपणा!

"म्या," देवला म्हणाला.

मुलीला वाईट वाटलं. तिनं चहा घेतला, टॅबलेटवर 'नवीन बांधकाम' लिहिलं आणि ती औंढ्याकडे गेली.

जिवनबाई खाली बसून टाइलचे तुकडे पदरात वेचू लागली.