थेंबबाबांचा सुटलेला फास

"सरका, सरका! थेंब वाळतोय!"

शिंप्याच्या दुकानावरचा हॉल माणसांनी गच्च भरला होता. पंखे बंद. वाऱ्यानं म्हणे मंत्र उडतो! समोर काचेच्या पट्टीवर राख कालवलेल्या पाण्याचा एक थेंब आणि त्यावर खिळलेले सगळ्यांचे डोळे. थेंब वाळला. मागे राहिली एक काळी गोल कडा.

"काळाचा फास आहे, माई!" थेंबबाबा डोळे मिटून म्हणाले. "पण सुटेल. पुढच्या वेळी कृपाजल घालू. फास सुटला की औषधांचं विष पोटात घालायचं नाही."

'माई' म्हणजे माझी थोरली बहीण. तिला फिट्स येतात. यायच्या, म्हणायला हवं, कारण रोजच्या गोळ्यांनी त्या थांबल्या होत्या. पण जन्मभर गोळ्या घ्यायच्या या विचारानंच ती खचली होती.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. घरी आल्यावर मी ताईसमोर चहाचा थेंब सांडला, मग शाईचा, मग चिखलाच्या पाण्याचा. तिन्ही वाळले, तिन्हींना कडा.

"बघ! आता चहालाही काळाचा फास का? अगं, कुठलाही गढूळ थेंब असाच वाळतो. कडा न होता वाळणं शक्यच नाही. तसा वाळला ना, तर मीही बाबांचे पाय धरीन!"

ताई हसली. मीही हसलो. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला मास्तर!

ती पुन्हा गेली, मला न सांगता. मला कळलं ते दवाखान्यातून फोन आला तेव्हा. ती कामाला जाते त्या दुकानात इस्त्री करताना तिला फिट आली होती. गरम इस्त्रीवर हात पडला आणि तळहात पार भाजला.

"गोळ्या का सोडल्यास गं?" मी जवळजवळ ओरडलोच.

"माझा थेंब कडा न होता वाळला," ती पडल्या पडल्या म्हणाली. "सगळा एकसारखा. तूच म्हणाला होतास ना, शक्यच नाही म्हणून?"

बाबानं नुसता थेंब वाळवला होता. त्याला चमत्काराचा शिक्का मी दिला होता. मी कशावरून म्हणालो शक्यच नाही? तीन थेंब बघून! माझीच मला लाज वाटली.

ताईचा कप विसळायला मी बेसिनपाशी गेलो, पण लक्ष ठिकाणावर नव्हतं. साबण नीट धुतलाच गेला नाही. त्याच कपात चहा ओतला, थोडा टेबलावर सांडला. तो वाळला आणि मी बघतच राहिलो. कडा नव्हती. सगळीकडे सारखा फिकट डाग.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये बाबा एका म्हाताऱ्या आजोबांच्या थेंबात कृपाजलाच्या वाटीत भिजवलेलं बोट बुडवणार, एवढ्यात मी वाटी उचलली, तिच्या तोंडावर तळहात दाबला आणि खळखळून हलवली. वाटीभर फेस!

"बाबा, तुमच्या कृपेला फेस कसा येतो हो?"

"नास्तिकाचा हात लागला की पाणी खवळतं!"

"मग तुम्हीच हलवा."

बाबांनी वाटीला हातही लावला नाही. मी त्यांच्याच राखेच्या पाण्याचे दोन थेंब ठेवले. एक नुसता, एकात साबणाचं पाणी. लोक वाट बघत बसले. पहिल्याला कडा आली, दुसऱ्याला नाही.

"थेंबाचं पाणी कडेला लवकर सुकतं," रात्री पुस्तकात शोधून काढलेलं मी सांगितलं. "ते भरून काढायला मधलं पाणी कडेकडे धावतं, राख सोबत नेतं. म्हणून कडा उमटते. साबण कडेला साचतो, तिथला पृष्ठताण, म्हणजे पाण्याच्या वरच्या थराची ओढ, कमी करतो. मग वरचं पाणी उलट मधे खेचलं जातं, राख फिरत राहते आणि सगळीकडे बसते. यात ना काळ, ना कृपा."

बाबा 'ध्यानाला' म्हणून उठले आणि मागच्या जिन्यानं पसार झाले. टाळ्या पडल्या. आजोबांनी खिशातली औषधाची चिठ्ठी काढून पुन्हा उलगडली. मला मात्र तिथं थांबवेना.

ताईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"आणि आता तू म्हणतोस ते खरं कशावरून?"

मला राग यायला हवा होता. आला नाही.

"माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, ताई. तूच करून बघ."

पट्टी नसलेल्या हातानं तिनं चहाचे दोन थेंब ठेवले, एकात साबण. थेंब वाळले. तिनं वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"हे आधी का नाही सांगितलंस रे?"

"मला माहीत नव्हतं. आणि माहीत नाही, हे सांगायची लाज वाटली."

म्हणून सांगतो, बाबाला प्रश्न विचाराच, पण माझ्यासारख्या शहाण्यालाही सोडू नका. 'शक्यच नाही' म्हणाला, तर कशावरून ते विचारा.

ताईनं भाजलेला हात उशीवर नीट ठेवला आणि दुसरा पुढे केला.

"दे ती गोळी," ती म्हणाली. "आणि कप नीट धू या वेळी."