उजेडाची बाजू

माघ सरत आला होता. डोंगरउतारावरच्या सुरंगींच्या फांदीफांदीला शुभ्रपीत फुलांचे झुबके लगडले होते. पहाटेच्या धुक्यात गाव दिसण्याआधी गंध यायचा. गंधामागून कौले यायची, कौलांमागून माड, आणि मग डोंगराच्या खांद्यावरून, संथ, सुवर्णचरण सूर्य.

त्या उजेडाला गाठायला उर्मी रोज धावायची. गळ्यात नवा कॅमेरा, डोळ्यांत अधीर तहान. तिने खाडी टिपली, खाडीतल्या होड्या टिपल्या, होडीवरचा निश्चल, ध्यानमग्न बगळा टिपला. संध्याकाळी पाहावे तर सारे सुंदर आणि सारे मुके.

घरी ओटीवर तिचे बाबा बसलेले असायचे. भिकाजी परब. दशावतारातली त्यांची मोहिनी पाहायला माणसे कोसावरून चालत येत. स्वतःच्या हाताने काजळ रेखून ते रंगमंचावर आले, की कंदिलांच्या ज्योतीही क्षणभर श्वास धरत. गेल्या वैशाखात अर्धांगवायूचा झटका आला. हात सावरला, पाय सावरला. चेहऱ्याची डावी बाजू तेवढी ओघळली ती ओघळलीच. तेव्हापासून ते डावा गाल भिंतीकडे करून बसत. रंगभूषेचा आरसा त्यांनी माळ्यावर टाकला.

उर्मीला त्यांचा फोटो हवा होता. एकदा तिने धीर केला.

"बाबा, उजवी बाजू माझ्याकडे करून बसा. डावी बाजू मी काळोखात ठेवते."

त्यांनी डावा गाल आणखीच भिंतीकडे वळवला. मग भिंतीलाच म्हणाले, "म्हणजे तुका पण ती नको."

ते शब्द तिच्या काळजात रुतून बसले.

दुसऱ्या सकाळी तिने कॅमेरा खुंटीवरून काढलाच नाही. रिकाम्या हातांनी ती अंगणात बसली. उजेडामागे धावली नाही. उजेड येताना पाहत राहिली. तो आधी कुंपणावरून वाकला, मग सारवणावर पसरला, मग ओटीच्या पायरीशी क्षणभर थबकला. ज्या ज्या गोष्टीला त्याने स्पर्श केला, तिची नितळ बाजू त्याने निवडली नाही. तडकलेल्या भिंतीवरही तो तितक्याच मायेने चढला. भेगेच्या कडेकडेने तर अधिकच सोनेरी झाला.

असे कितीतरी दिवस ती नुसती पाहत राहिली. हळूहळू तिचे डोळे निवले. हळूहळू तिला बाबाही दिसू लागले: डाव्या पापणीची आळसावलेली, अर्धोन्मीलित कमान, ओठाच्या कोपऱ्यात साकळलेली सावली, आणि त्या सावलीमागे, अजून न विझलेली, रसिक, मिश्कील मोहिनी.

मग एका सकाळी आई ओटीवर सुरंगीचे वळेसर गुंफत बसली होती. एक वळेसर तिने अंबाड्यात माळला आणि सवयीने नवऱ्याकडे वळून पाहिले. भिकाजी हसले. हसू उजव्या ओठावर उमलले, डाव्यावर अडखळले, आणि डोळ्यांत मात्र पुरते, काठोकाठ भरले. भिंतीकडे वळायचे ते त्या क्षणी विसरूनच गेले होते.

उर्मी कॅमेरा घेऊन दारात उभी होती. आता बोट दाबले असते तर त्यांना कळलेही नसते. तिने कॅमेरा खाली घेतला.

"बाबा, काढू?"

हसू मावळले. हात नकळत डाव्या गालाकडे गेला. आईची सुई थांबली.

"कसो काढतलंस?" त्यांनी विचारले.

"तुम्ही दिसता तसा."

त्यांनी तिच्या डोळ्यांत पाहिले. तिथे दया आहे का, ते शोधले. मग गालावरचा हात सावकाश मांडीवर आणला, आणि रंगमंचावर वळावे तसे, मान ताठ करून, अख्खे तिच्याकडे वळले.

"काढ तर. पण अर्धो नको. आख्खो काढ."

तिने श्वास रोखला. बोट हलले.

छोट्या पडद्यावर ते आपला चेहरा खूप वेळ निरखत राहिले. आई पाठीमागून वाकली, तिच्या केसांतला गंध दोघांवर ओथंबला. "गो, बघ," ते हळूच बायकोला म्हणाले, "अजून मी आसय." उजेड तेव्हा पायरी चढून आत आला होता, तिघांच्या चेहऱ्यांवरून तो एकसारखा, संथ, सोनसावळा वाहत राहिला.