कंसातली चार मिनिटे

मी एक जुना रेकॉर्डर आहे. साबणाच्या वडीएवढा, काळा, एका कोपऱ्याला टवका उडालेला. बोलणे टिपायला लागलो की कपाळावर लाल दिवा लागतो. माझा एक स्वभाव नीट ध्यानात घ्या, मित्रांनो. दिवा लागलेला असताना ऐकलेले पुसून टाकले की ते मलाही आठवत नाही. दिवा बंद असताना जे कानावर पडते, ते मात्र काही केल्या विसरत नाही.

कारखान्यातून निघालो तो थेट एका विद्यापीठाच्या समाजसंशोधन विभागात आलो. तिथे मोठी मुले एम.ए. करतात. माणसे कशी जगतात, कशी राबतात, हे त्यांनी माणसांनाच विचारायचे, नीट ऐकायचे आणि लिहायचे. असा तो अभ्यास. दरवर्षी नवा हात मला घेऊन जाई. "याच्यासारखा कान नाही," असे सगळे म्हणत. मला ते खरे वाटे.

एका वर्षी मला एका मन लावून शिकणाऱ्या मुलीने नेले. तिचा विषय होता, हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या बायका. त्या बायकांनी तिचे नाव 'प्रश्नवाली' ठेवले होते. तिच्या मार्गदर्शक बाई फार कडक. नाव लिहायचे नाही, आणि बोलणे टाइप झाले की आवाज पुसायचा. नियम चांगलाच होता. एकदा मुकादम गुरगुरत आला, "माझ्याबद्दल कोण काय बोललं, ऐकव." पुसलेले कुठून ऐकवणार? बिचाऱ्या बायका वाचल्या.

त्या बायकांत एक मावशी होत्या. चाळीस वर्षे वाफेत राहून बोटे सुरकुतलेली, जीभ मात्र कडक इस्त्रीची.

"आमच्या धुण्याचं काय लिहिणार तू? मळकं आलं, स्वच्छ गेलं. संपलं तुझं पुस्तक."

प्रश्नवालीने त्यांना संमतीचा कागद वाचून दाखवला. शेवटी लिहिले होते, की आवाज पुसला जाईल.

"पूस की. आम्ही जन्मभर दुसरं काय केलं?" म्हणत मावशींनी सही ठोकली.

मग माझा दिवा लागला. दोन तासांनी तो विझला, तेव्हा मावशी पदराने डोळे टिपत होत्या. हसून की रडून, ते मला ठाऊक नाही.

"आज फार बोलले गं," त्या म्हणाल्या. "लेक दूरच्या शहरात बस चालवते. फोन केला की म्हणते, आई, नंतर. बसमध्ये पाटी असते ना, चालकाशी बोलू नये? ती मलाही लागू."

बोलणे टाइप करणे म्हणजे मोठे किचकट काम. एक तास ऐकायचा तर सहा तास बसायचे. थोडे ऐकायचे, थांबवायचे, मागे न्यायचे, लिहायचे. प्रश्नवालीची मान अवघडून जाई. सादर करायची तारीख जवळ आली होती. मावशींच्या बोलण्यात शेवटी एक जागा अशी आली असावी, की तिथे चादरी नव्हत्या, मुकादम नव्हता, पगारही नव्हता. तिने कानातला इअरफोन क्षणभर दाबून धरला, घड्याळाकडे पाहिले आणि कंस काढून लिहिले : (विषयाबाहेरचे बोलणे, चार मिनिटे). आणि पुढे गेली. काम संपल्यावर नियमाप्रमाणे तिने मला पुसले. संगणकावरची प्रतही पुसली.

प्रबंधाचे कौतुक झाले. परीक्षक म्हणाले, "किती काटेकोर काम."

दोन महिन्यांनी ती मला परत करायला विभागात आली, तेव्हा बाहेरच्या बाकावर खाकी गणवेशातली एक बाई बसली होती.

"तुम्हीच का प्रश्नवाली?" तिने विचारले. "आई गेली. पंधरा दिवस झाले. तिच्या मैत्रिणी म्हणाल्या, ती तुमच्याशी दोन तास बोलली. मला तिचा आवाज हवाय."

प्रश्नवालीचा चेहरा उतरला. "ताई, आवाज ठेवायचा नसतो. पुसला मी. लिहिलेलं आहे." तिने फाईलमधून पाने काढून दिली.

"धुलाई कामगार, क्रमांक सात," लेकीने वाचले. "नाव कुठंय?"

"नाव लिहायचं नसतं."

लेक बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेली. एकदा किंचित हसलीही. मग तिचे बोट कंसापाशी थांबले.

"या चार मिनिटांत काय बोलली?"

"नीट आठवत नाही. तुमच्याबद्दल होतं काहीतरी. तुमच्या लहानपणचं."

"चांगलं की वाईट?"

प्रश्नवालीने मला तिच्यापुढे धरले.

लेकीने मला हातात घेतले, बटण दाबले आणि कानाशी धरले. मी माझ्या पोटाचा कोपरान्‌कोपरा धुंडाळला, मित्रांनो. एक शब्द सापडला नाही. माझ्या कानाचा तेवढा गर्व होता मला, पण त्या दिवशी मी नुसता एक डबा होतो.

"तुमची चूक नाही," ती शेवटी म्हणाली. "वेळ तर मलाही नव्हता. हे एवढं पान नेऊ?"

बाकीची पाने बाकावर ठेवून ती ते एकच पान घेऊन गेली.

प्रश्नवाली आता त्याच विभागात शिकवते. तिच्या संमतीच्या कागदावर एक ओळ वाढली आहे : तुमचा आवाज घरच्या कोणाला द्यायचा आहे का? पण तिने मला पुन्हा कधी हात लावला नाही. आता सगळे फोनवरच टिपतात. मी खणात पडून आहे आणि माझी बॅटरी पाझरते आहे.

मित्रांनो, तुमच्या घरीही कोणीतरी असे विषयाबाहेरचे बोलत असेल. त्यांना कंसात घालू नका. आज घरी गेलात की चार मिनिटे त्यांच्याजवळ बसा. माझ्यात अजून बहात्तर तासांची जागा आहे. ती सगळी रिकामी आहे.