सहा वाजून अकरा मिनिटे, शुक्र

मित्रांनो, मी लंबकाचे एक जुने घड्याळ आहे, आणि मी अजून कुणालाही माफ केलेले नाही.

माझे यंत्र मोडीत निघाले होते. गडचांदूरजवळच्या गावात घड्याळे दुरुस्त करणाऱ्या हाफिजभाईंनी त्याचा एकेक दाता घासून मला चालते केले आणि आपल्या बैठकीत टांगले. रोज पहाटेच्या नमाजाआधी ते माझी वेळ मोबाइलशी जुळवत. दिवसभरात अर्ध्या मिनिटाहून जास्त चूक मी कधी केली नाही. गिऱ्हाइके माझ्याकडे बघून आपली घड्याळे लावत. ते माझे मानाचे दिवस होते.

मग टेकडीपलीकडे चुनखडीची खाण सुरू झाली. सुरुंग उडाला की जमीन हादरे, लंबक खोक्यावर आपटे आणि मी त्याच मिनिटाला थांबे. हाफिजभाई माझे काटे बघत, माझ्या शेजारी टांगलेल्या नमाजाच्या वेळापत्रकात त्या तारखेपुढे वेळ लिहीत आणि पुढे एकच शब्द, ‘शुक्र’. भिंती उभ्या आहेत, माणसे जिवंत आहेत, म्हणून देवाचे आभार. मग मला पुन्हा चालू करत. दोन वर्षे हेच चालले. त्या शब्दाने माझा संताप होई. मला आभार नको होते. मला खाणीचा सूड हवा होता.

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी स्वयंपाकघराची भिंत कोसळली. हाफिजभाईंच्या पत्नी आबिदाबाईंचा खांदा मोडला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून येऊन हाफिजभाईंनी लिहिले : ६.११, शुक्र, डोके वाचले.

“माझा खांदा मोडला अन् तुम्ही शुक्र लिहून राह्यले?” आबिदाबाई म्हणाल्या. “खाणवाल्यालेबी एक धाडून द्या.” मी प्रथमच कुणाशी इतका सहमत झालो.

खाणीच्या व्यवस्थापकाने हात झटकले. त्या संध्याकाळी सुरुंग उडालाच नाही, भिंत ओलीने पडली, असे त्याने सांगितले. पुढच्या हादऱ्यात उरलेले घर जाणार हे उघड दिसत होते.

पडझडीच्या पाहणीला एक अधिकारी बाई आल्या, सोबत खाणीचा व्यवस्थापकही होता. त्यांची नजर वेळापत्रकावर गेली. ५.३३ ही छापील वेळ कसली, असे त्यांनी विचारले. मगरिबची, सूर्य मावळला की तो नमाज, हाफिजभाईंनी सांगितले. बाईंचे बोट छापील आकड्यावरून पेनाच्या आकड्यावर सरकले. सूर्यास्तानंतर सुरुंग उडवायला बंदी होती. त्यांनी मागची पाने उलटली. असे एकशे चौदा सुरुंग निघाले.

“जुनं घड्याळ आहे, बाई, त्याले काय समजते?” व्यवस्थापक म्हणाला.

बाईंनी मोबाइल माझ्यासमोर धरला. मी एकोणीस सेकंद मागे होतो. मग त्यांनी खाणीचे स्फोटकांचे रजिस्टर मागवले. तारखा जुळल्या. खाण बंद झाली.

व्यवस्थापक घरी आला. त्याची नोकरी गेली होती. “हाफिजभाऊ, तक्रार मागे घ्या ना,” तो म्हणाला.

हाफिजभाईंनी त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिले. “मी कुठी तक्रार केली, भाऊ? मी तं शुक्र मानलं.”

त्याच वेळी मी सातचे टोले दिले. एवढ्या आनंदाने पूर्वी कधी दिले नव्हते.

मित्रांनो, जुन्या घड्याळाला आठवड्यातून एकदा चावी द्या, त्याची धूळ पुसा, त्याला सरळ टांगा. आणि कठीण काळात देवाचे आभार जरूर माना. फक्त शेजारी वेळ लिहीत जा.