टेबलाच्या अलीकडची खुर्ची

मित्रांनो, खुर्ची म्हटलं की तुम्हाला सत्ता आठवते, रुबाब आठवतो. मी त्या जातीची नाही. मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे आणि माझी जागा कायम टेबलाच्या अलीकडे राहिली. पलीकडे बसतो तो प्रश्न विचारतो, अलीकडे बसतो तो उत्तरं देतो. आयुष्यभर उत्तरं ऐकून ऐकून माझा स्वभाव जरा तिरसट झाला आहे, तेवढा सांभाळून घ्या.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. सुतार रागीट, पण हात सोन्याचा. त्याने मला एकही खिळा मारला नाही. सगळे सांधे खाचांत बसवले आणि मग स्वतः माझ्यावर उभा राहून उड्या मारल्या. मी हूं की चूं केलं नाही. तो खूश होऊन म्हणाला, "आता हत्ती बसला तरी चालेल." तेवढीच काय ती माझी स्तुती, पण ती मी अजून विसरलेली नाही.

पहिली बरीच वर्षं मी एका डॉक्टरांकडे होते. लोक माझ्यावर बसायचे आणि जीभ बाहेर काढायचे. डॉक्टर निवृत्त झाले, सामान विकलं गेलं आणि मी त्याच इमारतीत दोन मजले वर चढले. तिथे एका सल्लागार सरांचं ऑफिस होतं. अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांत प्रवेश हवा असलेली मुलं त्यांच्याकडे येत. मुलं त्यांच्या पाठीमागे त्यांना 'शक्यता सर' म्हणत, कारण सर मुलाचं नाव विचारायच्या आधी त्याची शक्यता सांगून मोकळे होत.

एके दिवशी माझ्यावर एक मुलगी येऊन बसली. तिचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. आमच्या इमारतीची लिफ्टही तेच बघत. मुलगी सतत काहीतरी विचारत कानाशी गुणगुण करायची, म्हणून ते तिला 'भुंगा' म्हणत. सरांनी चष्मा पुसला.

"हे बघ बाळा, तिथे शंभर अर्ज आले तर जेमतेम तीनचार मुलं घेतात. त्यात आपण बाहेरच्या देशातले. त्यात तुला शिष्यवृत्ती हवी. मग तुझी शक्यता किती उरली?"

"थोडी."

"थोडी म्हणजे?"

"म्हणजे शून्य नाही ना, सर?"

मला ही पोरगी तिथेच आवडली. सरांचंही खोटं नव्हतं म्हणा. हिशेब त्यांचा बरोबरच होता. पण बरोबर हिशेब सांगतानाही माणूस समोरच्याला किती लहान करू शकतो, ते अलीकडच्या खुर्चीलाच कळतं.

अर्जासोबत स्वतःविषयी एक निबंध लिहायचा होता. भुंग्याने एका रुग्णालयाच्या लिफ्टची गोष्ट लिहिली. ती लिफ्ट रोज दुपारी एकाच मजल्यावर अडून बसायची. उन्हाने लोखंड फुगतं म्हणून असं होतं, हे भुंग्याने आकृत्या काढून सिद्ध केलं आणि त्यावरून बाबांशी कडाक्याचं भांडण केलं. शेवटी दोघं बघायला गेले, तर सफाईवाल्या मावशी दारात बादली अडकवून जेवायला बसल्या होत्या. आपण साफ चुकलो हे कळल्यावर ती पोट धरून हसली. चुकण्यातही मजा असते हे मला त्या दिवशी कळलं, असं तिने शेवटी लिहिलं होतं.

"यात दुःख कुठे आहे?" सरांनी विचारलं.

"दुःख नाहीच आहे त्यात."

"मग वाचणारा विरघळणार कसा? ठेव इथे. मी जरा हात फिरवतो."

मुलांच्या अर्जांची खाती सरांच्याच कॉम्प्युटरवर चालत, ही तिथली रीतच होती. अर्ज पाठवायच्या दिवशी भुंगा बाबांना घेऊन आली. सरांनी जागा दिली तरी बाबा बसले नाहीत. कपडे तेलकट आहेत म्हणून भिंतीशी उभे राहिले. सरांनी हात फिरवलेला इंग्रजी निबंध भुंगा वाचून बाबांना मराठीत सांगू लागली आणि तिसऱ्या ओळीलाच अडली.

"काय झालं गं?"

"बाबा, तुम्ही वारलात."

"कधी?"

"मी सातवीत असताना. लिफ्टच्या खड्ड्यात पडून."

बाबांना आधी मरणाचं काही वाटलंच नाही. ते म्हणाले, "पट्टा न बांधता मी उतरेन का? एवढी अक्कल नाही मला?"

सर घसा खाकरून म्हणाले, "अहो, मनावर घेऊ नका. असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या काळजाला हात घातला जातो. तिथून कोण येतंय तपासायला?"

बाबा भिंतीपासून एक पाऊल पुढे आले. मग त्यांनी हळूच विचारलं, "याने हिची शक्यता वाढते का हो?"

"वाढते तर!"

"मग राहू दे, भुंग्या. कागदावरच मरायचंय ना? मरतो मी."

मित्रांनो, माझ्या हातांवर भुंग्याची बोटं आवळली गेली. इतकी वर्षं माणसांचा घाम माझ्या लाकडाला लागला, पण असा राग कधी लागला नव्हता. मला त्या बापाचा फार अभिमान वाटला आणि त्याच वेळी त्याला ओरडून गप्प करावंसंही वाटलं.

"सर," भुंगा म्हणाली, "माझ्या बाबांना जिवंत करा. आत्ता. माझ्यासमोर."

"मग शक्यता विसर."

"विसरले. पण अर्ज जाणार, आणि माझाच जाणार."

ती उठली आणि सरळ टेबलाच्या पलीकडे गेली. माझ्यावरून उठून कोणी त्या बाजूला गेलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. सर मुकाट्याने बाजूला सरकले. तिने आपला निबंध, बादलीसकट, पुन्हा लिहून काढला आणि पाठवून दिला.

पुढे सरांनी गोल फिरणाऱ्या खुर्च्या आणल्या आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. धूळ बसली, माझ्या एका पायाला वाळवीही शिवून गेली. लिफ्टचं काम करायला आलेल्या बाबांना मी दिसले. त्यांनी मला घरी नेलं, घासूनपुसून घेतलं आणि तो पाय बदलून दिला. तिथेच एका संध्याकाळी उत्तर आलं. भुंगा माझ्यावर बसून वाचत होती. नकार होता, चांगल्या गोड शब्दांत.

ती खूप रडली. बाबा दारात उभे होते.

"मी मेलो असतो तर झालं असतं का गं काम?"

"मला तिथे शिकायचं होतं, बाबा. पोरकं होऊन नव्हतं शिकायचं." तिने डोळे पुसले. "इथल्या कॉलेजात नाव घालते. आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करते. हाच निबंध."

"आणि पुन्हा नाही म्हणाले तर?"

"तर त्यांना दोनदा कळलेलं असेल, की माझे बाबा आहेत."

मित्रांनो, जुन्या खुर्च्यांना जपा, अधूनमधून त्यांच्यावरून फडकं फिरवा, एवढं तर मी मागणारच. पण त्याहून मोठं मागणं आहे. तुमची शक्यता वाढवायला कोणी तुमच्या घरातला माणूस वजा करायला सांगितलं, तर बसून राहू नका. उठा. खुर्ची रिकामी राहिली तर तिचं काही बिघडत नाही.